नोटीसनंतरची पावती

हा बिस्किटांचा डबा बघा. इंदूरच्या रामबागेतला एक जुना वाडा, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे राहणाऱ्या काकूंचा हा डबा. आत भाड्याच्या पावत्या, वर्षावार दोऱ्याने बांधलेल्या. कार्बनचा निळा रंग कुठे कुठे उडालाय, पण मालकांची सही अजून सरळ वाचता येते.

आणि सगळ्यात वर हे रजिस्टर्ड पाकीट. वकिलाची नोटीस, घर खाली करा म्हणून.

आता त्याच्या खालच्या पावतीवरची तारीख बघा. नोटीसची मुदत संपल्यानंतरची आहे. पुढच्या महिन्याचीपण आहे, त्याच्या पुढच्यापण. मालक जिन्यातून हाक मारायचे, काकू पदराला हात पुसत खाली यायच्या, मालक नोटा मोजून घ्यायचे आणि तिथेच कठड्यावर पुस्तक ठेवून पावती फाडायचे, घराचा विषयच नाही. काकूंना वाटलं, किराया घेतला म्हणजे नोटीस संपली. गल्लीतल्या सगळ्यांनीही तेच सांगितलं.

आणि हे काही हवेतून आलेलं नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, त्याच्या कलम ११३ खाली उदाहरणच दिलंय: नोटीसची मुदत संपली, त्यानंतरचं भाडं भाडेकऱ्याने दिलं, मालकाने घेतलं, तर नोटीस सोडून दिली असं धरायचं. त्यानंतरचं भाडं हां, मागची थकबाकी नाही.

पण त्याच कलमात मालकाचा इरादापण बघायला सांगितलाय, भाडेपट्टा चालू ठेवायचाय असं त्याच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. सरूप सिंग गुप्ता प्रकरणात २००६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं भाडं घेतलं एवढ्यावरून नोटीस सोडली असं होत नाही. मालक पैसेही घेतोय आणि घर खाली करून मिळावं म्हणून दावाही चालवतोय, तर नोटीस सोडली कुठे?

मध्य प्रदेशात तर आणखी एक गोष्ट आहे. इथे १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, आणि जिथे असा राज्याचा कायदा लागू आहे तिथे ती जुन्या कायद्याची नोटीस द्यायचीच गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी १९७९ मध्येच ठरवलंय. मालकाला कलम १२ मधलं कारण सिद्ध करावं लागतं, थकबाकी, स्वतःची खरी गरज, असं काहीतरी. म्हणजे काकूंचं खरं संरक्षण त्या कलमात होतं, आणि काकू विसंबल्या पावतीवर.

म्हणून आमचं मालक लोकांना मनापासून सांगणं आहे, नोटीसनंतर पैसे घ्या, जरूर घ्या, पण पावतीवर एक ओळ लिहा की नोटीस कायम आहे, का मागे घेतली. एक ओळ! समोरचा माणूस त्या कागदावर झोपतो-उठतो.

पुढे दावा लागला, पावत्यांच्या झेरॉक्स कोर्टात गेल्या, निकाल यायचाय.

दावा चालू असेपर्यंत भाडं थांबवायचं नाही, उलट त्याच १९६१ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत कोर्टात भरायचं किंवा मालकाला द्यायचं, नाही भरलं तर कोर्ट भाडेकऱ्याचा बचावच काढून टाकू शकतं. काकू १२ तारखेलाच कोर्टात जाऊन येतात. भरल्याचा कागद चार घड्या करून याच डब्यात ठेवतात, आणि डबा परत फडताळात, पिठाच्या डब्यामागे.