मिनी ट्रॅक्टरचे टायर बदलताना

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरच्या टायरची खरी परीक्षा सुरू होते. परतीचा पाऊस, चिकट काळी जमीन, केवडा रोगाच्या धास्तीने लागोपाठ फवारण्या आणि मागे सहाशे लिटरचा फवारणीचा ब्लोअर. टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन सहाशे किलो होतं. रांग तीच, चाकोरीही तीच. अशा वेळी टायर गुळगुळीत झालेला असेल तर ट्रॅक्टर रांगेच्या मधोमध रुततो आणि वेळेवरची फवारणी हुकते. म्हणून टायर बदलायचेच असतील तर ऑगस्टमध्ये बदलावेत, छाटणीची कात्री हातात घेण्याआधी.

आधी जुन्या टायरच्या बाजूवरचे आकडे वाचू. ८.३-२० म्हणजे टायरची रुंदी ८.३ इंच आणि तो २० इंची रिमवर बसतो. पुढच्या टायरवर १८०/८५ डी १२ असं काही लिहिलेलं असेल, तर रुंदी १८० मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८५ टक्के आणि रिम १२ इंची. मधलं ‘डी’ अक्षर म्हणजे साधा, आडव्या-तिरक्या दोऱ्यांचा टायर. तिथे ‘आर’ असेल तर रेडियल, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत सरळ दोऱ्यांचा. एका आसावर (ॲक्सलवर) एक साधा आणि एक रेडियल अशी जोडी कधीही लावू नये. आणखी एक आकडा असतो प्लाय रेटिंगचा, सहा किंवा आठ. तो थरांची संख्या सांगत नाही, ताकदीची प्रत सांगतो. ट्रॉली ओढायची असेल तर वरची प्रत घ्या. मात्र काटा घुसू नये म्हणून जास्त प्लायचा टायर घेणं फारसं उपयोगाचं नाही. छाटलेल्या काडीचं तिरकं टोक नक्षीच्या मधल्या पातळ रबरातून आत जातं, मग प्लाय कितीही असो. त्यावर उपाय म्हणजे काड्या रांगेतून वेळेवर उचलणं किंवा त्यांचा मशीनने भुगा करणं.

आता मुख्य मुद्दा, आणि नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा असेल, तर टायरचं माप हा त्याच्या गिअरचाच भाग समजा. अशा ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे ओढत राहतील अशी रचना केलेली असते. हा फरक १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. ‘जरा मोठा टायर टाका, ट्रॅक्टर उंच होईल’ हा सल्ला ऐकून फक्त मागचे टायर मोठे केले, तर मागचं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि पुढचं चाक ओढण्याऐवजी ब्रेक लावल्यासारखं फरफटत जातं. उलट, मागचे टायर झिजलेले ठेवून फक्त पुढचे नवे घातले तर फरक ५ टक्क्यांच्या वर जातो. मग पुढचे नवे टायर भराभर झिजतात आणि पुढच्या शाफ्टवर, गिअरवर ताण येतो. झिजेने इतका फरक पडतो का? हिशोब करून पाहा. आसाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत ४५ सेंटिमीटर धरा. त्यातली २ सेंटिमीटर नक्षी गेली, तर फरक ४ टक्क्यांच्या वर झाला.

हे मोजायला कोणतंही यंत्र लागत नाही. एक खडू आणि दोन माणसं पुरेत. चारही टायरमध्ये हवा बरोबर ठेवा आणि कडक, सपाट रस्ता निवडा. मागच्या आणि पुढच्या एकेका टायरवर खडूने रेघ मारा. पुढच्या चाकांची ओढ बंद ठेवून ट्रॅक्टर अगदी हळू, सरळ चालवा. मागच्या चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत पुढच्याचे किती झाले ते मोजा, पाव फेऱ्यापर्यंत. समजा साडेपंधरा झाले. आता पुढची ओढ चालू करून तेच पुन्हा मोजा. समजा सोळा झाले. अर्धा फेरा वाढला. अर्ध्याला साडेपंधराने भागलं की सव्वातीन टक्के येतात, म्हणजे मेळ ठीक आहे. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला, किंवा ओढ चालू केल्यावर कमी आला, तर पुढची चाकं काम करत नाहीत, नुसती अडवतात. मोजणी संपली की लगेच ओढ बंद करा. कडक रस्त्यावर ती चालू ठेवून फिरणं हे टायर संपवण्याचं सोपं साधन आहे.

म्हणून चारही टायर एकदम बदलणं परवडत नसेल तर निदान जोडी बदला, आणि बदलल्यावर ही मोजणी जरूर करा. मापात बदल करायचाच असेल तर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेली पुढची-मागची जोडीच निवडा. दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरला, म्हणजे मागे ८-१८ आणि पुढे ५.२०-१४ असलेल्या गाड्यांना, हे बंधन नाही. तिथे टायर मडगार्डला घासत नाही ना आणि रांगेत वेलीच्या ओलांड्याला, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीला, लागत नाही ना, एवढं पाहावं.

नक्षीबद्दल थोडक्यात. बागेसाठी नेहमीची शेतीची नक्षी, जिला आर-१ म्हणतात, तीच योग्य. भातखाचरासाठी खोल नक्षीचा आर-२ टायर मिळतो. चिखलणीत तो छान चालतो, पण बागेत चाकोरी खोल करतो आणि डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो. काळ्या मातीत दोन उंचवट्यांमधली जागा मोकळी असलेला टायर घ्या, म्हणजे माती आपोआप सुटून पडते. उंचवटे जवळजवळ असले की मध्ये माती भरते आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो.

रिमकडे फारसं कोणी पाहत नाही. बोर्डो मिश्रणाचं आणि इतर औषधांचं पाणी रिमवर सतत उडतं, कड गंजते आणि गंजाचे पापुद्रे ट्यूबला कापतात. टायर उतरवला आहेच, तर तारेच्या ब्रशने रिम आतून घासा, रेडऑक्साइड लावा, पूर्ण वाळू द्या. कड वाकली असेल किंवा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ चीर असेल तर रिम बदला. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग कधीही करू नये, हवा काढलेली असली तरीही. आतल्या उष्णतेने टायर फुटून जीव जाऊ शकतो. नवी रिम घेताना व्यासाबरोबर रुंदी, बोल्टची संख्या आणि बोल्टच्या वर्तुळाचं माप, तिन्ही जुळवा. ८.३ च्या टायरला साधारणपणे डब्ल्यू ७ रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर टायर फुगीर होतो आणि फक्त मधूनच झिजतो.

टायर बसवताना कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर खराब होतं. नव्या टायरमध्ये ट्यूबही नवीच घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. कड बसवण्यासाठी ३५ पीएसआयच्या वर हवा मारू नये. तेवढ्यात कड बसली नाही तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा प्रयत्न करा. नंतर पुस्तिकेतल्या दाबावर आणा.

टायरच्या बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहायला विसरू नका. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिल्यावर मागच्या टायरची नक्षी घराच्या छपरासारखी, टोक वर अशी दिसली पाहिजे. दोन चाकांमधलं अंतर वाढवायला काही जण चाक त्याच बाजूला उलटं लावतात. त्याने नक्षीही उलटी होते. अंतर बदलायचं तर डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळा. तासभर काम झालं की एकदा आणि आठ-दहा तासांनी पुन्हा एकदा ते तपासा.

चाकं घसरतात म्हणून टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आहे. व्हॉल्व्ह वर ठेवून, टायरच्या पाऊण भागापर्यंत. पण बागेत त्याने मातीवरचा दाब वाढतो आणि चाकोरीखालच्या मुळ्या गुदमरतात. नांगरटीला भरलं असेल तर फवारणीच्या हंगामाआधी काढून टाका.

दुकानातून पक्कं बिल घ्या. ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो तसाच लावला आहे ना ते पाहा. टायरवरच्या उत्पादनाच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या किमतीत घेऊ नका.

राहिले जुने टायर. थंडीची लाट आली की निफाडसारख्या भागात बागेत शेकोट्या पेटतात आणि त्यात टायरही जातात. त्याची काजळी घडांवर बसते, ती धुऊन निघत नाही. शिवाय टायरच्या कडेतली पोलादी तार जळत नाही. ती तुकड्यांनी रांगेतच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या टायरमध्ये घुसते.