कैद्यांच्या जहाजावरचा डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १७८८ पासून, इंग्लंड आपले कैदी ऑस्ट्रेलियाला धाडत होतं. ऐंशी वर्षांत दीड लाखाहून जास्त माणसं अशी गेली.

सुरुवातीचा व्यवहार सरळ कंत्राटाचा. जहाजावर जितकी डोकी चढतील तितके पैसे. उतरतील किती, हे कोणी विचारायचं नाही. कैदी वाटेत मेला तर कंत्राटदाराचा शिधाच वाचायचा! १७९० च्या दुसऱ्या ताफ्यात हजारभर कैदी होते, त्यातले चौथा हिस्सा समुद्रातच गेले. डॉक्टर जहाजावर असायचा, नाही असं नाही. पण तो मालकाच्या पगारावर. कप्तानाला उलट बोलायची त्याची काय टाप?

पुढे पैशाचे नियम बदलले, मृत्यू कमी झाले. पण १८१४ साली पुन्हा हाहाकार उडाला. 'सरी' जहाजावर टायफस, म्हणजे उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप, पसरला. कैदी तर गेलेच, कप्तान गेला, खुद्द डॉक्टरही गेला. चौकशीचं काम तिथल्या वसाहतीचे गव्हर्नर मॅक्वारींनी विल्यम रेडफर्न यांना दिलं. हे रेडफर्न कोण? नौदलात डॉक्टरांचे मदतनीस होते. १७९७ साली इंग्लंडात नोर इथे नौदलाच्या खलाशांनी केलेल्या बंडात सापडले, फाशी सुनावली गेली, वय लहान म्हणून जीव वाचला आणि शिक्षा भोगायला सिडनीला आले. जहाजाचं तळघर त्यांनी कैदी म्हणून पाहिलेलं होतं.

त्यांच्या अहवालात औषधांपेक्षा हवा, स्वच्छता आणि पोटभर शिधा यांवर भर आहे. पण खरी मेख पुढे आहे: डॉक्टर नौदलाचा, सरकारी हवा, म्हणजे कप्तानापुढे त्याचा शब्द चालेल. १८१५ पासून तसे सर्जन-सुपरिंटेंडंट नेमले जाऊ लागले.

त्यांचा दिवस कसा जायचा? सकाळी कैद्यांना वर डेकवर काढायचं, अंथरुणं उन्हात टाकायची. खालचा मजला शक्यतो कोरडाच घासून घ्यायचा, कारण ओल राहिली की दुखणी आलीच. लिंबाचा रस हातात देऊन भागायचं नाही. समोर उभं राहून प्यायला लावायचं. हिरड्या तपासायच्या. स्कर्व्हीत, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारात, त्या फुगून मऊ पडतात, जुनी भरलेली जखमसुद्धा उकलते. आणि हे सगळं रोजनिशीत लिहायचं. त्यातल्या बऱ्याच रोजनिश्या आजही लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत.

मृत्यूचं प्रमाण घसरलं. रेडफर्न यांना काय मिळालं म्हणता? १८१९ मध्ये सिडनीच्या मुख्य सर्जनची जागा रिकामी झाली. त्यांचाच हक्क होता, मॅक्वारींचीही तीच इच्छा होती. पण एकेकाळचा कैदी त्या खुर्चीवर कसा बसवायचा? जागा जेम्स बोमन यांना मिळाली. ते त्याच वर्षी कैद्यांच्या जहाजावरून सर्जन-सुपरिंटेंडंट म्हणून सिडनीला उतरले होते.