'पाठवा'चा काना

नमस्कार, श्रोतेहो.

'पाठव' आणि 'पाठवा' यांत फरक एका कान्याचा, पण सगळा मान त्या कान्यात. आता हेच इंग्रजीत 'सेंड द रिपोर्ट' असं लिहा. काना वाटेतच गळतो आणि पलीकडच्याला वाटतं, हा हुकूम सोडतोय! मग आपण पुढे 'प्लीज' जोडतो. त्याने हुकूम थोडा मवाळ होतो, इतकंच. 'कुड यू सेंड मी द रिपोर्ट बाय फ्रायडे?' असं विचारलं की मात्र सूर जुळतो. मराठी आदर क्रियापदाच्या शेपटीत ठेवते, इंग्रजी तो बऱ्याचदा प्रश्नात ठेवते.

व्यावसायिक इंग्रजी म्हणजे मुख्यतः हाच सूर, आणि तो नुसता ऐकून येत नाही. मी एक ऑनलाइन कोर्स केला तेव्हा व्हिडिओ दीडपट वेगाने पळवले, बरोबर पर्यायांवर टिचक्या मारल्या, प्रमाणपत्र मिळवलं. पुढच्याच मीटिंगमध्ये माझं मत विचारलं आणि माझी दातखीळ बसली. कोर्सभर मी तोंड उघडलंच नव्हतं, ते ऐनवेळी कसं उघडणार?

कोर्सेरा, एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं २०१२मध्ये आली, तेव्हापासून पर्यायांची वाण नाही. कोर्सच्या माहितीत 'बी१', 'बी२' असं दिसलं तर बिचकू नका. भाषा किती येते हे सांगणाऱ्या युरोपीय मोजपट्टीच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांपैकी त्या मधल्या दोन. पण खरी चौकशी वेगळीच करायची: मी लिहिलेलं कुणी तपासणार का? मला बोलायला लावणार का? टोइक या कामकाजाच्या इंग्रजीच्या परीक्षेचंच बघा. तिच्या नेहमीच्या पेपरात ९९०पैकी गुण मिळतात, पण ते ऐकण्या-वाचण्याचे. बोलण्या-लिहिण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. तेव्हा गुण उत्तम आणि फोन वाजला की घाम, असं होऊ शकतं.

शब्दही दगा देतात, बरं का. 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे 'उत्तर देतो'. इतरत्र त्याचा रूढ अर्थ 'पूर्वस्थितीला जाणं'. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की आपल्याला शंका विचारायची असते, समोरच्याला वाटतं याचा भरवसा नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांचंही आपापसात जमत नाही: 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत तो बाजूला ठेवणं!

म्हणून कोर्स कुठलाही घ्या, सोबत एक वही ठेवा. गेल्या आठवड्यात तुम्ही पाठवलेल्या पाच ईमेल तीत उतरवा. हुकमासारखं वाटेल ते प्रत्येक वाक्य प्रश्नात बदला आणि मोठ्याने वाचा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज ऐकवणार नाही. मलाही ऐकवला नव्हता.

नमस्कार.