ताट कुठं वाढलं होतं?

नमस्कार श्रोतेहो.

युद्धाच्या काळातल्या बालपणाचं पुस्तक म्हटलं की आपण बॉम्ब, तोफा, रणगाडे शोधायला लागतो. माझं लक्ष आधी वेगळीकडंच जातं. या घरातली माणसं जेवायला कुठं बसतात? न्हाणीला दार आहे का? रात्री दोन अंथरुणांच्या मध्ये भिंत आहे की नुसती टांगलेली चादर? एवढं कळलं की बाप कसा वागेल आणि पोरं कुणाचं ऐकतील, याचा बराचसा अंदाज येतो.

शाळेत आम्ही मुलांना ‘वातावरणनिर्मिती’ शिकवायचो. दोन मार्कांचा प्रश्न. पोरं लिहायची, ‘लेखकाने परिसराचे सुंदर चित्रण केले आहे.’ मार्क मिळायचे. जणू परिसर म्हणजे नाटकातला मागचा पडदा. गुंडाळून ठेवला तरी पुढचं नाटक चालूच राहील. आत्मकथनात तसं होत नाही, आणि युद्धकाळातल्या आत्मकथनात तर मुळीच नाही.

याचं एक उदाहरण थोडं सविस्तर सांगतो. ‘फेअरवेल टू मॅन्झनार’ हे पुस्तक 1973 साली अमेरिकेत आलं. जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांनी ते पती जेम्स ह्यूस्टन यांच्यासोबत लिहिलं. जीन जपानी वंशाच्या, पण जन्म अमेरिकेतला. वडील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मासेमारी करायचे. स्वतःच्या बोटी, दहा लेकरं, आणि ही सगळ्यांत धाकटी. 7 डिसेंबर 1941 ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक आदेश काढला आणि त्या आधारानं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेऊन ठेवलं. सुमारे 1 लाख 20 हजार माणसं. त्यातली बहुसंख्य अमेरिकेचीच नागरिक. जीन तेव्हा सात वर्षांची होती.

मॅन्झनार ही अशा दहा छावण्यांपैकी एक. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याशी, ओवेन्स खोऱ्यात. एकेकाळी तिथं फळबागा होत्या. मग लॉस एंजेलिस शहरानं त्या खोऱ्याचं पाणी कालव्यानं पळवलं आणि मागं राहिली धूळ. (पाणी कुणाचं आणि गेलं कुठं, हे आटपाडी-माणच्या श्रोत्यांना मी काय सांगावं!) त्या धुळीत 20 फूट रुंद आणि 100 फूट लांब अशा लाकडी बराकी उभ्या केल्या होत्या. फळ्यांच्या फटींतून रात्रभर धूळ आत यायची आणि सकाळी पांघरुणावर थर बसलेला असायचा. बारा माणसांच्या या कुटुंबाला दोन खोल्या मिळाल्या. जीनचा मोठा भाऊ वुडी डब्यांची झाकणं ठोकून भोकं बुजवतो आणि सगळ्यांना हसवत राहतो. वडील त्या वेळी तिथं नाहीत. शत्रूच्या पाणबुड्यांना तेल पुरवल्याचा आळ घेऊन त्यांना दूर उत्तर डकोटात डांबलेलं आहे. म्हणजे वुडी घरातला कर्ता झाला तो हातात हातोडी घेऊन, आणि त्याला तसा केला त्या फटी पडलेल्या भिंतींनी.

आता जेवणाकडं येऊ. छावणीत स्वयंपाक सामाईक, रांग लावून घ्यायचा. पहिल्याच दिवशी ताटात काय पडलं? भात आणि त्यावर डब्यातल्या जर्दाळूंचा गोड पाक. वाढणाऱ्यांना वाटलं असणार, जपानी माणूस भात खातो, झालं! आपल्याकडं कुणी आमटीच्या जागी गुळवणी ओतली तर पंगतीत काय होईल, तसं तिथं झालं. पण खरी गोष्ट पुढं आहे. किनाऱ्यावरच्या घरी एक मोठं गोल टेबल होतं आणि सगळं घर त्याभोवती जेवायचं. छावणीत आजीला चालवत नाही म्हणून आई तिचं ताट खोलीवर घेऊन जाते. थोरली भावंडं आपापल्या दोस्तांबरोबर बसतात. धाकटी पोरं ज्या भोजनगृहात बरं जेवण मिळतं तिकडं पळतात. काही आठवड्यांत कुटुंब एकत्र जेवायचं थांबतं. भांडण झालेलं नाही, वाटणी झालेली नाही. बसायची जागाच राहिली नाही, एवढंच. छावणीच्या अधिकाऱ्यांच्याही हे ध्यानात आलं आणि कुटुंबांनी एकत्र जेवावं असा फतवा निघाला. कुणी ऐकलं नाही.

काही महिन्यांनी वडील परत येतात ते काठी टेकत. टेबलाच्या मुख्य जागी बसणारा माणूस, आता टेबलही नाही आणि बोटही नाही. लवकर सुटून आले म्हणून लोक त्यांना खबऱ्या म्हणतात, त्यामुळं ते खोलीबाहेर पडेनासे होतात. तांदळाची दारू घरीच गाळतात, पितात, आरडाओरडा करतात. एका रात्री ते आईवर काठी उगारतात आणि कियो हा लहान मुलगा बापाच्या तोंडावर ठोसा मारतो. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, आणि दर वेळी डोक्यात येतं, या घराला परसदार असतं तर? ओसरी असती, गोठा असता, तापल्या डोक्यानं जाऊन बसायला पार असता, तर हा ठोसा बसला असता का? बाप मुळात गर्विष्ठ आणि तापट होता, हे लेखिका लपवत नाही. सगळा दोष जागेवर टाकणं सोयीचं आहे, पण खरं नाही. जागेनं त्याचा स्वभाव घडवला नाही; त्या स्वभावाला बाहेर पडायच्या वाटा बंद केल्या.

आणि तोच बाप, त्याच छावणीत, दगड रचून बाग करतो. पुढं त्यांना जुन्या नासपतीच्या बागेजवळ खोली मिळते, तेव्हा दुर्लक्षित झाडांची छाटणी करतो. हाताला काम आणि डोळ्यांपुढं झाड आलं तसा माणूस थोडा निवळला. आईचं उलट. ओळीनं मांडलेली, मध्ये आडोसा नसलेली शौचकूपं तिला मरणाहून वाईट वाटतात. पुठ्ठ्याच्या खोक्याचा आडोसा करून ती अब्रू सांभाळते. धाकट्या जीनला मात्र छावणीत दांडा फिरवत संचलन करायला शिकायला मिळतं, मैत्रिणी मिळतात. एकच कुंपण, आणि आत प्रत्येकाला वेगळी जागा लाभलेली. वय, लाज, सवय जशी, तशी.

आता आपल्या मुलखात या. वर्षं तीच, 1942 ते 45. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. इकडं महायुद्धाची टंचाई, तिकडं चलेजाव, वडूज आणि इस्लामपूरचे गोळीबार, मग नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्यात कुंडल हे औंध संस्थानातलं गाव, आजूबाजूला इंग्रजांचा मुलूख. बांध ओलांडला की राज्य बदललं! उसाचे फड, कृष्णेची मळी, मळ्यातल्या सुट्या वस्त्या. भूमिगतांना अशीच जागा हवी होती. त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय, रात्री आलेल्या पाव्हण्याला नाव विचारायचं नाही, ही शिस्त पोरांना घरातूनच लागली होती. मॅन्झनारच्या पोराला दाटीनं घडवलं, इथल्या पोराला मोकळ्या रानानं आणि हद्दीच्या रेषेनं. तिथलं पोर घराबाहेर पळायला शिकलं, इथलं गप्प बसायला.

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी हे फौजी गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावानं 46 माणसं गमावली. अशा गावात बाप म्हणजे मनीऑर्डर आणि भिंतीवरचा फोटो. घर चालवणार आजी नाहीतर आई. आणि मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर, वळिवड्याला, 1943 पासून काही वर्षं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. रशियातल्या हद्दपारीतून इराणमार्गे इतक्या लांब आलेली. त्यांच्यासाठी शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते. छावणी हीसुद्धा, पण कैदेची नव्हे, आसऱ्याची. त्यातली मुलं म्हातारी होऊन कोल्हापूर बघायला परत आली. काटेरी तारेतल्या जागेकडंही माणसं जातात; जीन ह्यूस्टनही 1972 मध्ये मॅन्झनारला जाऊन आल्या. पण त्या जाण्यात आणि या येण्यात फरक आहे.

आपल्याकडच्या त्या काळाच्या आठवणींबद्दल माझी एक तक्रार आहे. प्रतिसरकारच्या माणसांनी शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी कशी लुटली, 7 जून 1943, हे तोंडपाठ असतं. पत्री मारल्याच्या, म्हणजे गुन्हेगाराच्या तळपायांवर मारून शिक्षा दिल्याच्या, कथा रंगवून सांगतात. त्या सांगाव्यातच. पण त्या रात्री भाकरी कुणी थापल्या, धूर दिसू नये म्हणून चूल कुठं मांडली, पोरांना कुठल्या खोलीत निजवलं, हे लिहिलेलं फार थोडं सापडतं. त्यामुळं आपल्या आठवणींतले पुढारी ठसठशीत आणि त्यांच्या घरातली माणसं धूसर. जिला सगळं माहीत होतं तिला कुणी विचारलंच नाही.

तेव्हा श्रोतेहो, घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल तर ‘युद्धात काय झालं’ असं विचारू नका. उत्तर येईल, ‘काय सांगायचं बाबा, लई हाल.’ त्याऐवजी कागद घ्या आणि त्यांना जुन्या घराचा नकाशा काढायला लावा. उंबरा कुठं, जातं कुठं, रॉकेल मिळत नव्हतं तेव्हा दिवा कुठल्या खोलीत लागायचा, पोलीस आले तर कुठल्या दारानं, आणि पाव्हणा कुठल्या दारानं. शेवटी विचारा, पाव्हणा जेवून गेल्यावर आई कुठं बसून जेवायची, आणि ताटात तेव्हा काय उरलेलं असायचं.

नमस्कार.