खोलीत कोणी नसताना

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळपासून यंत्रमागांचा खडखडाट सुरू असतो. मागांना लागून असलेल्या या घरात 14 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा मुठीने स्वतःच्या कानशिलावर मारतो आहे. तीन ठोके, क्षणभर विश्रांती, पुन्हा तीन ठोके. "आईनं बघावं म्हणून करतोय," असे शेजारी म्हणतात. आई मात्र सांगते, की ती विड्या जमा करायला गेलेली असते तेव्हाही हे सुरूच असते, आणि तो का मारतो, याच्या मूल्यमापनाची खरी सुरुवात तिच्या याच वाक्यापासून होते.

सर्वांत आधी कान आणि दात तपासून घ्यायला हवेत, कारण ज्याला दुखणे सांगता येत नाही, तो दुखऱ्या जागीच मारून घेत असेल.

अमेरिकी वर्तन-मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या 9 जणांचे वर्तन प्रत्येकी 15 मिनिटांच्या चार परिस्थितींत तपासले: मारल्यावर कोणी काळजीने बोलणे, मारल्यावर सांगितलेले काम थांबवणे, मोकळा खेळ आणि खोलीत एकटे असणे. एकटे असतानाही मारणे टिकून राहिले, तर त्याचे फळ माणसांकडून नव्हे, त्या कृतीच्या संवेदनेतूनच मिळत असावे. मात्र सगळ्याच परिस्थितींत ते सारखे दिसले तर घाईने निष्कर्ष काढू नये. एकटेपणाची सत्रे लागोपाठ घ्यावीत, निरीक्षकाने नजरेआड राहावे आणि इजेची मर्यादा आधीच ठरवून त्या क्षणी सत्र थांबवावे. इथे आणखी एक दक्षता हवी. घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मराठीतून काम सांगितले, तर तो कामाला कंटाळला की भाषेला, हे कळणार नाही.

फळ आतूनच मिळते, एवढे कळून भागत नाही; नेमकी कोणती संवेदना, हे शोधणे सर्वांत अवघड असते. आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या आहेत. वीज जाऊन माग थांबतात, त्या दिवशी रेघा दुपटीने वाढलेल्या दिसतात. भिंतीची थरथर थांबली, की तो ती स्वतःच्या कानशिलावर निर्माण करतो का? ही अजून केवळ शंका आहे. विशेष शिक्षिकेने सेलवर थरथरणारी एक उशी आणली आहे. माग बंद असतील त्या दुपारी ती काही सत्रांत त्याच्याजवळ ठेवली जाईल, काही सत्रांत नाही, आणि दोन्ही वेळचे ठोके मोजले जातील.