रिपोर्टवरचा आकडा अन् अंगातलं दुखणं

रोवणीच्या दिवसात दिवसभर बांधीत वाकायचं, वरून पाऊस, अन् रात्री पोराचे हातपाय असे ठणकतात की सारं घर जागं राहते. गडचिरोली-चंद्रपूरकडं हे कोणाले सांगायची गरज नाही. सिकलसेल, मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार, इथं शाळेतल्या पोरालेही माहीत हाय. मी पडलो लॅबवाला माणूस, त्यामुळं आज एकाच प्रोटीनबद्दल बोलतो, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन.

1949 मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग अन् त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की सिकलसेलवाल्याचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात वेगळं सरकते, म्हणजे रोगाचं मूळ त्या रेणूतच हाय. पुढं व्हर्नन इन्ग्रम या शास्त्रज्ञानं नेमकी जागा काढली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 मणी, म्हणजे अमिनो ॲसिड, त्यातला सहावा मणी बदललेला, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन, बस! पण ऑक्सिजन सुटला की हेच रेणू एकमेकाले चिकटून लांब काड्या होतात, पेशी इळ्यासारखी वाकते, अन् जी 120 दिवस जगायची ती 10-20 दिवसात संपते.

आता गंमत पाहा. लॅबमधे आम्ही हाच चिकटपणा पकडतो. नळीतल्या औषधानं ऑक्सिजन काढून घेतला की द्रावण गढूळ होते, नळीमागं धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. अन् औषधवाल्यांचा नेमही तिथंच! हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोग्याच्या रक्तात 'बाळाचं हिमोग्लोबिन' (तान्ह्या बाळात असते तो प्रकार) वाढवते, ते काड्यांच्या मधी घुसून जुळणी मोडते. व्हॉक्सेलोटर तर सरळ हिमोग्लोबिनलेच जाऊन चिकटायचं, ऑक्सिजन सोडू द्यायचं नाही. ट्रायलमधे 51 टक्के लोकांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या वर वाढलं, नुसती साखरेची गोळी म्हणा तशी घेणाऱ्यांत 7 टक्के. त्या आकड्यावर अमेरिकेनं 2019 मधे मंजुरी दिली, अन् 2024 च्या सप्टेंबरात कंपनीनं स्वतःच जगभरातून परत घेतलं, कारण पुढच्या अभ्यासात दुखण्याचे झटके अन् मृत्यू जास्त दिसले. मले याचं खरंच वाईट वाटलं, कागदावर ते औषध इतकं सुबक होतं. पण रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन वाढणं अन् पोरगं रात्री झोपणं, या दोन गोष्टी एकच हायत असं आम्हीच धरून बसलो होतो ना.

हायड्रॉक्सियुरिया जुनं, मूळचं कॅन्सरचं, स्वस्त, पण त्यानं झटके कमी झालेले मोजून पाहिलेत. फक्त मधून मधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावं लागते, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर डॉक्टर डोस थांबवते. ही तपासणी लोक टाळतात अन् मग औषधालेच नावं ठेवतात.

हेच एकदा लोकांपुढं बोललो, तर शेवटी मागून एका मावशीनं विचारलं, नातू चार महिन्याचा हाय, गढूळवाली टेस्ट निगेटिव्ह आली, सुटलो ना? नाही मावशी. चार महिन्याच्या लेकराच्या रक्तात बाळाचं हिमोग्लोबिन अजून बरंच असते, त्यामुळं नळी साफ दिसते. त्याची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून घ्या, अन् मायबापाचीही.