गोठ्यातली वही आणि वासराचा केस

नमस्कार, पशुपालक मंडळी. सुरुवात दोन सख्ख्या भावांपासून करतो. आमच्या घरी भुरी नावाची एक संकरित गाय होती. गुणी गाय. एकाच वळूच्या कांडीपासून, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीपासून, तिला लागोपाठच्या वेतांत दोन गोऱ्हे झाले. आई तीच, बाप तोच, म्हणून वडिलांनी दोघांनाही पैदाशीला ठेवलं. गावातल्या गाई त्यांच्याकडे येऊ लागल्या. थोरल्याच्या कालवडी पुढे व्याल्या तेव्हा बादल्या भरल्या. धाकट्याच्या कालवडींनी मात्र लोकांची निराशा केली. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "रक्त एकच, मग असं कसं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी पशुवैद्यकाच्या शिक्षणात शिकलो. गाईच्या पेशीत गुणसूत्रांच्या 30 जोड्या असतात. आई प्रत्येक जोडीतलं एकच देते, बापही एकच देतो. कोणतं द्यायचं ते कुणाच्या हातात नसतं. शिवाय देताना जोडीतले तुकडे आपसात अदलाबदल होतात. त्यामुळे सख्ख्या भावांची वाटणी कधीच सारखी होत नाही. थोरल्याला चांगला वाटा आला, धाकट्याला आला नाही. आणि गोऱ्ह्याची अडचण अशी, की तो स्वतः दूध देत नाही. त्याच्या अंगात काय आहे ते त्याच्या लेकींच्या सडांतून कळतं.

गाय आयुष्यात फार तर आठ-दहा वासरं देते. वळूच्या वर्षाला हजारो कांड्या भरतात. एक चुकीचा वळू म्हणजे हजारो गोठ्यांतली चूक. म्हणून जगभर संतती चाचणीची पद्धत बसली. गोऱ्हा दीड वर्षाचा झाला की त्याचं वीर्य गोठवायचं, गावोगावच्या गाईंना भरायचं, नऊ महिन्यांनी कालवडी जन्मणार, त्या अडीच-तीन वर्षांनी विणार, मग 305 दिवसांचं वेत मोजायचं. हिशेब करा. सहा वर्षं तो वळू नुसता खाऊन उभा, आणि अशा दहांतून एखादाच निवडला जायचा. म्हशींत तर याहून उशीर लागतो.

2001 साली थिओ म्यूविसेन, बेन हेज आणि माइक गोडार्ड या तीन शास्त्रज्ञांनी एक गणित मांडलं: सगळ्या गुणसूत्रांवर दाट खुणा, म्हणजे जनावरागणिक बदलणाऱ्या डीएनएच्या जागा, वाचता आल्या, तर प्रत्येक तुकड्याची दुधामागची किंमत काढता येईल आणि जन्मलेल्या वासराचं पैदास मूल्य, म्हणजे ते पुढच्या पिढीला किती चांगले गुण देईल याचा अंदाज, थेट बेरजेनं मिळेल. त्या वेळी गाईसाठी तशी चिप, म्हणजे डीएनएतल्या खुणा वाचणारी पट्टी, नव्हती. काही वर्षांत ती आली, एका वेळी सुमारे 54 हजार खुणा वाचणारी. जानेवारी 2009 पासून अमेरिकेत होल्स्टीन आणि जर्सीची जनुकीय मूल्यमापनं अधिकृत झाली. शेपटीचे मुळासकट उपटलेले केस किंवा कानाचा चिमूटभर तुकडा पुरतो. वासरू अजून आईला पीत असतं आणि त्याचा आकडा हातात येतो. तिथं होल्स्टीनमध्ये वळूंच्या बापांचं पिढीचं अंतर, म्हणजे मुलगा जन्मतानाचं बापाचं वय, जवळपास सात वर्षांवरून अडीच वर्षांपर्यंत खाली आलं.

खुणांच्या याच वाचनातून आणखी एक गोष्ट उघड झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. 1962 साली जन्मलेला 'चीफ' नावाचा एक होल्स्टीन वळू. 16 हजार लेकी, पाच लाखांवर नाती. दुधाला अफाट. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता. वासराला तो दोन्हीकडून मिळाला की ते पोटातच मरायचं. हे सापडलं ते गैरहजेरीतून. हजारो जनावरांच्या खुणा तपासताना एक विशिष्ट तुकडा दुहेरी असलेलं एकही जिवंत जनावर मिळेना. 2016 च्या अभ्यासानं अंदाज दिला, की त्या एका बिघाडापायी पस्तीस वर्षांत जगभरात पाच लाखांहून जास्त गर्भ गेले. शेतकऱ्याला फक्त एवढंच दिसत होतं, की गाभण गाय खाली झाली. दोष तो चाऱ्याला देत होता, स्वतःला देत होता. आज गोऱ्ह्याच्या केसावरून तो बिघाड आधी कळतो आणि तो बिघाड बाळगणाऱ्या वळू-गाईची जोडी टाळता येते. आपल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईंत होल्स्टीनचंच रक्त आहे, म्हणून ही गोष्ट परक्या मुलखाची समजू नका.

आता आपल्याकडे येतो. 5 ऑक्टोबर 2024 ला आपल्याच वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' यांचं लोकार्पण झालं. वेगळ्या चिपची गरज का पडली? कारण अमेरिकेच्या होल्स्टीनवर काढलेल्या किमती गीरला, साहिवालला किंवा आपल्या पंढरपुरी म्हशीला लावता येत नाहीत. जात वेगळी, खुणा वेगळ्या, ऊन-चारा वेगळा.

आणि इथं माझा मुख्य मुद्दा आहे. चिप वाचते, पण कोणती खूण दूध वाढवते हे तिला माहीत नसतं. ते तिला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवणारी माणसं म्हणजे तुम्ही. ज्या जनावरांच्या खुणाही वाचल्या आहेत आणि दूधही मोजलं आहे, असा हजारोंचा कळप लागतो. त्याला संदर्भ कळप म्हणतात. तुमच्या वहीत खोटं असेल, तर प्रयोगशाळेतून अचूक खोटं बाहेर पडेल.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका गावात नोंदीतली कांडी संपली होती. रेतन करणाऱ्यानं नळकांड्यातली दुसरी भरली आणि कार्डावर नंबर मात्र पहिल्याच वळूचा लिहिला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. गाय माजावर होती, मालक थांबला होता. त्या रेतनातून झालेली कालवड तीन वर्षांनी व्याली, उत्तम दूध दिलं, आणि ते सगळं श्रेय भलत्याच वळूच्या खात्यात जमा झालं. चिपनं पडताळलं तेव्हा कागदावरचा बाप तिचा नव्हताच. अशा शंभर नोंदी झाल्या तर?

तेव्हा कानातला बारा आकडी बिल्ला तोडू नका. कांडी भरताना तिच्यावरचा नंबर स्वतः वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. महिन्यातून एकदा दूध मोजणीला येणाऱ्या मुलीला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळची धार पूर्ण मोजू द्या, वासराला पाजलेलं तिला सांगा. ती लिहिते तेव्हा दोन लिटर वाढवून लिहायला सांगू नका. गाय विकताना भाव येईल म्हणून पुष्कळजण सांगतात. आणि गाय कमी देत असेल तर तेही लिहू द्या. कमी देणाऱ्या गाईची नोंदही तितकीच लागते, कारण चांगल्या-वाईटातल्या फरकावरूनच खुणांची किंमत निघते.

भुरीचे दोन्ही गोऱ्हे आज असते, तर दोघांच्या शेपटीचे तीस-तीस केस उपटून, पाकिटावर नंबर घालून मी पाठवले असते. वडिलांना उत्तर त्याच वर्षी मिळालं असतं. पण त्याआधी कुणीतरी कुठल्यातरी गावात हजारो गाईंच्या धारा खऱ्या लिहिलेल्या असायला हव्या होत्या.